वर देव कोणता आहे?

निलंग्याजवळ चढावा असा डोंगर नाही. ही तक्रार नव्हे, उलट यात थोडा अभिमानच आहे. लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसलेला, समुद्रसपाटीपासून 540 ते 638 मीटर उंचीवर. लोणावळ्याची उंचीही साधारण एवढीच भरते. मुंबई-पुण्याची माणसं तेवढ्या उंचीवर हवा खायला जातात आणि येताना चिक्की आणतात. आमच्याकडे त्याच उंचीवर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवाच आम्हाला खाते. पहाटे कॅन घेऊन दूध आणायला निघालेला निलंगेकर काहीही न चढता सहाशे मीटरांच्या आसपास पोचलेला असतो. पाठीवर सॅक नाही, एवढ्याच कारणाने त्याला कोणी ट्रेकर म्हणत नाही.

अडचण अशी की पठारावर राहणारा माणूस उंचावर असतो, पण त्याला उंचावरून काही दिसत नाही. 2019 च्या शिवजयंतीला मंगेश निपाणीकर या कलावंताने निलंग्याच्या रानात काही एकरांवर गवत उगवून शिवाजी महाराजांचं भव्य चित्र साकारलं. बघायला गर्दी लोटली. पण बांधावर उभं राहिलं की दिसायचं नुसतं हिरवं रान. ज्या राजाने अख्खं राज्य डोंगरावरून चालवलं, त्याचं चित्र नीट बघायला आमच्याकडे एक टेकडी सापडेना. शेवटी ड्रोन वर गेलं आणि लोकांनी समोरच्या रानाकडे पाठ करून ते चित्र मोबाइलमध्ये पाहिलं.

जंगलाचं तर बोलायलाच नको. जिल्ह्यातलं जंगल शेकड्याला एकही भरत नाही. चुकूनमाकून बिबट्या आला तर त्याला लपायला उसाच्या फडात शिरावं लागतं, आणि तिथेही तोडणीची तारीख बघून.

अशा गावात पुण्याहून पुतण्या येतो आणि म्हणतो, ‘‘काका, फॅमिली ट्रेक करू.’’

पुतण्या हिंजवडीत नोकरीला आहे. शनिवार आला की तो राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई असं काहीतरी पालथं घालतो. तिकडे आता लेकराबाळांसह ट्रेकला जाण्याची पद्धत पडली आहे. पाच वर्षांचं पोर, त्याच्या डोक्याला टॉर्च, आईच्या दोन हातांत दोन काठ्या, बापाच्या पाठीवर पाण्याची पिशवी आणि त्या पिशवीतून थेट तोंडात नळी. प्रत्येक डोंगराला श्रेणी ठरलेली: सोपा, मध्यम, कठीण. पुतण्याने हे सगळं फोनवर दाखवलं तेव्हा आमच्या आत्याने नळीवर बोट ठेवलं. ‘‘ह्याला काय झालंय? सलाइन कामून लावलंय?’’

मग तिने खरा प्रश्न विचारला. ‘‘वर देव कोणता आहे?’’

1923 साली न्यूयॉर्कमध्ये एका बातमीदाराने जॉर्ज मॅलरीला विचारलं होतं की एव्हरेस्ट कशासाठी चढायचा. तो तिथे आहे म्हणून, असं मॅलरी म्हणाला आणि ते उत्तर जगभर गाजलं. बातमीदाराच्या जागी आमची आत्या असती तर ते गाजलं नसतं. ‘‘तिथं तर तो असणारच की. पण देव कोणता?’’ असं तिने पुढे विचारलं असतं आणि मॅलरीला मोहीम पुढे ढकलावी लागली असती. आमच्याकडे विनाकारण डोंगर चढणारा माणूस एकतर गुराखी असतो किंवा परीक्षेत नापास झालेला. सहकुटुंब चढायचं तर वर कुणीतरी वाट बघत असलं पाहिजे: देवी, महादेव, दत्त, निदान एखाद्या महाराजांची समाधी. नुसता सूर्यास्त बघायला कशाला जायचं? सूर्य आमच्या गच्चीवरूनही मावळतो, आणि गच्चीला जिना आहे.

म्हणजे आम्ही घरातून हलतच नाही असं कोणी समजू नये. मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे आमची येळवस, त्या दिवशी निलंग्यात येऊन बघा. दुकानं बंद, रस्ते ओस. अख्खं गाव रानात. शेतात कडब्याची कोप उभारायची, पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, भाकरी. तिथवर जायची वाट म्हणजे आदल्या आठवड्यात पाणी दिलेलं काळं रान. पुतण्याच्या ‘कठीण’ श्रेणीतल्या कोणत्याही गड्याने डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन त्या ढेकळांतून चालून दाखवावं. दहा पावलांत बुटाला शेरभर माती, विसाव्या पावलाला बूट रानात आणि माणूस पुढे. आमच्या बाया पदर खोचून, चप्पल हातात घेऊन, मडक्यातला थेंब न सांडता कोपीपर्यंत जातात आणि वर जाऊबाईच्या भज्जीत काय कमी पडलंय तेही बोलत जातात. याला कोणी प्रमाणपत्र देत नाही.

तेव्हा पुतण्याच्या प्रस्तावाला घरात विरोध झाला नाही. फक्त त्यात सुधारणा झाल्या. डोंगर खरोशाचा ठरला. जवळ आहे, लेणी आहेत, वर रेणुकामाता आहे. आत्याचा प्रश्न मिटला.

आता सामान. पुतण्याची यादी होती: माणशी दोन लिटर पाणी, सुका मेवा, टोपी, शिट्टी, दोरी, प्रथमोपचार. ‘‘शिट्टी कशाला?’’ अण्णांनी विचारलं. कोणी हरवलं तर वाजवायची, असं त्याने सांगितलं. आमच्या घरात माणूस हरवला तर काकू हाक मारतात आणि शेजारच्या गावातली त्याच नावाची माणसंही परत येतात. शिट्टी रद्द झाली. दोरी ठेवली, पण ती पातेल्याचं झाकण बांधायला.

आमची यादी अशी: धपाटे, दह्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदे, पातेलंभर निलंगा राईस, तो खायला ताटल्या, ताटल्या धुवायला राख, दोन सतरंज्या, आत्याला टेकायला लोड, लहानग्यांना कपड्यांचे दोन जोड, आणि पाण्याचा वीस लिटरचा जार. जारवर पुतण्या कळवळला. म्हणाला, एवढं पाणी लागत नाही. पण 2016 च्या एप्रिलात ज्या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथल्या माणसाला पाणी किती लागतं हे पुण्याच्या माणसाने सांगू नये. आम्ही तहान लागली म्हणून पाणी भरत नाही. पाणी आहे म्हणून भरतो.

इथे माझं एक मत नोंदवून ठेवतो. पुण्याकडची कुटुंबं घराबाहेर पडतात. आम्ही घर घेऊन बाहेर पडतो. डोंगर अवघड नसतो. स्वयंपाकघर, देवघर आणि माजघर एकाच वेळी चढवायचं हे अवघड असतं.

एसटीने निघालो. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे आणि बायकांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट. त्यामुळे आत्या फुकट, आई, काकू, बायको अर्ध्यात, मुलं अर्ध्यात, अण्णा आणि भाऊजी पासष्टी ओलांडल्याने अर्ध्यात. पूर्ण माणूस असा मी आणि पुतण्या. कंडक्टरने आमच्या दोघांकडे ज्या नजरेने बघितलं, तशी करुणा मी फक्त मूर्तींच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. बाकी घराने मात्र खिडकीच्या जागा अर्ध्या घेतल्या नाहीत.

खरोशाचा डोंगर बघून पुतण्याचा चेहरा उतरला. ‘‘हा तर टेकडी आहे!’’ असेल. पण टेकडीला डोंगर करण्याची ताकद कुटुंबात असते. एकट्या माणसाला जो चढ वीस मिनिटांचा, तो अकरा माणसांना दीड तासाचा होतो, कारण सगळे एका वेळी कधीच चालत नाहीत. पुढचे थांबतात तेव्हा मागचे चालतात. मागचे पोचले की पुढचे म्हणतात, ‘‘चला, लई वेळ झाला,’’ आणि मागचे तिथेच बसतात. भाऊजींचा गुडघा, काकूंची चप्पल, लहानग्याची लघवी आणि अण्णांना भेटलेला कुठल्यातरी सोयऱ्याचा सोयरा, अशा चार छावण्यांमधून मोहीम वर सरकते.

चढावर भांडण होत नाही. म्हणजे सुरू झालेलं असतं, खाली बसथांब्यावरच. जार कोणी उचलायचा यावरून बायकोने ‘‘तुम्ही ना’’ एवढं म्हटलेलं असतं. पण चाळीस-पन्नास पावलांनंतर श्वास पुरत नाही म्हणून वाक्य तिथंच थांबतं. आपल्याला वाटतं, मिटलं. माथ्यावर पोचून दम खाल्ला, घोटभर पाणी प्यायलं, की ते ‘‘तुम्ही ना’’च्या पुढच्या शब्दापासून सुरू होतं. डोंगराच्या हवेने मन शांत होतं म्हणतात. आमच्याकडे ते फक्त खोळंबतं.

उतरणाऱ्यांना ‘अजून किती राहिलं?’ विचारायचं आणि त्यांनी ‘हे काय, आलंच’ म्हणायचं हा शिष्टाचार महाराष्ट्रभर सारखाच आहे. पण मराठवाड्यातल्या ‘हे इथंच की’ या उत्तराची व्याप्ती बाहेरच्यांना कळत नाही. ते दोनशे फुटांनाही लागू पडतं आणि आठ कोसांनाही. विचारणारा दमला असेल तर अंतर कमी सांगणं हे आमच्याकडे खोटं धरत नाहीत, पुण्य धरतात.

खरोशाची लेणी सहाव्या शतकातली. तांबूस, भोकाभोकांच्या दगडात खोदलेली, आणि या दगडाने कोरीव काम फार जपलेलं नाही. जेम्स बर्जेस 1875-76 च्या हंगामात मराठवाड्यातली लेणी बघत फिरला, त्यात खरोशालाही येऊन गेला. त्याने लेण्यांची मापं घेतली, मूर्ती नोंदवल्या. दुपारी सावली कोणत्या लेण्यात पडते आणि अकरा माणसांची पंगत कुठे बसते, याचा मात्र त्याच्या अहवालात पत्ता नाही. बहुधा तो सहकुटुंब आला नसावा. हे संशोधन आमच्या काकूंनी आल्या आल्या केलं.

आत नरसिंह आहे, रावण आहे, शिव-पार्वती आहेत, कार्तिकेय आहे. शिव-पार्वती बघून आई म्हणाली, ‘‘हे पण सगळे मिळूनच आलेत की.’’ तिथून गोष्ट निघाली. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली तेव्हा कार्तिकेय मोरावर बसून खराखुरा निघाला, नद्या-डोंगर ओलांडत, आणि गणपतीने आई-बापाभोवती एक फेरी मारून पैज जिंकली. मी पुतण्याला म्हटलं, बघ, ट्रेकर आणि निलंगेकर यांच्यातला हा पहिला सामना. निकाल काय लागला ते तुला माहीत आहे, आणि मोदक कोणाला मिळतात तेही. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, पण त्या परीक्षेचे पंच आई-वडीलच होते.’’ हिंजवडीत काही बुद्धी शिल्लक राहते म्हणायची.

आत्या लेण्यात आली नाही. बाहेर दगडावर बसून राहिली. पुतण्याने आग्रह केला, आत गार आहे म्हणाला. तिने नुसती मान हलवली. खरोशाहून किल्लारी फार लांब नाही. 30 सप्टेंबर 1993 ला गणपती विसर्जन करून झोपलेली माणसं पहाटेच्या भूकंपात दगडामातीच्या घरांखाली गेली, आणि त्यानंतर इकडची कितीतरी माणसं थंडीवाऱ्यातही अंगणात झोपली. आत्या अजून दगडाच्या छताखाली बसत नाही, मग ते छत चौदाशे वर्षं टिकलेलं का असेना. आम्ही पंगत बाहेर, लिंबाखाली हलवली. काकूंचं संशोधन वाया गेलं, पण त्या काही बोलल्या नाहीत.

जेवताना पुतण्याने सगळ्यात जास्त धपाटे खाल्ले. त्याच्या सॅकमधला सुका मेवा तसाच राहिला होता; तो अण्णांनी सोयऱ्याच्या सोयऱ्याला देऊन टाकला.

जेवण झाल्यावर माथ्यावर मोबाइलला रेंज आहे असा शोध लागला. मग गावातून चार घटका लांब यावं म्हणून निघालेल्या सगळ्यांनी गावातल्या सगळ्यांना व्हिडिओ कॉल लावले. मागे दरी, उजव्या हाताला सोयाबीनचं रान, समोर वारा. पलीकडून प्रत्येकाने एकच विचारलं, ‘‘जेवलात का?’’ देखावा कोणी बघितला नाही. बायकोच्या माहेरच्यांनी तर ‘‘चेहरा उतरलाय तुझा’’ असं निदान केलं आणि माझ्याकडे कॅमेरा फिरवायला सांगितला.

खरोसा पार पडल्यावर घराला चढाईची चटक लागली. उदगीरकडे देवर्जनजवळ हत्तीबेट आहे, तेही झालं. बेटावर गंगाराम महाराजांची समाधी, कोरीव गुहा, झाडी. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढणाऱ्यांनी या बेटाचा आसरा घेतला होता. अण्णांनी तिथे मुक्तिसंग्रामावर भाषण केलं. ते लांबलं. हत्तीबेटाबद्दल एवढंच.

माहूर मात्र खरं. नांदेड जिल्ह्याच्या पार त्या टोकाला, सागाच्या जंगलात, पैनगंगेच्या अलीकडे. साडेतीन पीठांतलं एक पूर्ण पीठ. एका डोंगरावर रेणुका, दुसऱ्यावर दत्त, तिसऱ्यावर अनसूया, शिवाय किल्ला. म्हणजे एका दिवसात चार चढ. पुतण्या खूश, कारण जंगल आहे, तट आहे, घसरडी वाट आहे. आत्या खूश, कारण प्रत्येक डोंगराला स्वतंत्र देव आहे. तिच्या हिशेबात किल्ल्याला देव नव्हता, तेव्हा तिने तो वगळायला सांगितला.

रेणुकेच्या देवळाला पायऱ्या दोनशेच्या वर आणि दोन्ही बाजूंना दुकानं. हळदी-कुंकू, बांगड्या, देवीचे फोटो, लाकडी खेळणी, ओटीचं सामान. कुटुंबाच्या चढाईत दुकानांइतका अवघड टप्पा नाही. खडक आला तर माणूस पार होतो. बांगड्यांचं दुकान पार होत नाही. आमच्या बायका वर जाताना फक्त भाव विचारतात, येताना घेतात, आणि दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागतो. वानरं वेगळी. लहानग्याच्या हातातलं केळं एका वानराने इतक्या सभ्यपणे काढून घेतलं की पोराने रडायच्या ऐवजी त्याला नमस्कार केला.

दर्शन झालं. तांबूल मिळाला. माहूरचा प्रसाद म्हणजे कुटलेला विडा. पेढा नाही, साखरफुटाणे नाहीत. तो तोंडात ठेवला की चढाचा सगळा शिणवटा लाल होऊन जातो. भाऊजींनी तीनदा घेतला आणि गुडघ्याला फरक पडला म्हणाले.

मग पुतण्याने किल्ल्याचा हट्ट धरला, आणि सामानाचा प्रश्न उभा राहिला. जार, लोड, पातेलं, सतरंज्या, शिवाय आता ओटीची नारळं आणि बांगड्या. एवढं घेऊन तटावर कोण चढणार? मला इथे इतिहास आठवला. बापाविरुद्ध बंड करून पळालेला शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, 1623 च्या सुमारास दक्षिणेत उतरला तेव्हा हत्ती आणि जड सामान याच माहूरच्या किल्ल्यात, उदाजीरामाच्या हवाली करून पुढे तेलंगणाकडे निघाला होता. मागे बादशाही फौज, सोबत बायकामुलं, आणि तरी त्याला एक गोष्ट कळली होती की सामान कमी केल्याशिवाय कुटुंब हलत नाही. ताजमहाल बांधणाऱ्याचा हा गुण कोणी सांगत नाही.

मी म्हटलं, आपणही जड सामान इथेच ठेवू आणि वर जाऊ. सगळ्यांना पटलं. फक्त आमच्याकडे उदाजीराम नव्हता. सामानापाशी कोणी बसायचं? आत्या म्हणाली, मी बसते. तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून काकू बसल्या. काकू बसल्या म्हणून आई बसली. भाऊजी गुडघ्यासाठी बसले आणि अण्णा सोबतीला. शेवटी किल्ल्यावर आम्ही चौघं गेलो, आणि तासाभराने उतरलो तर बाकीच्यांनी पातेलं उघडलेलं होतं.

जेवताना आत्याने विचारलं, ‘‘वर काय होतं?’’ पुतण्याने तट सांगितले, दरवाजे सांगितले, जंगल कुठवर दिसतं ते सांगितलं. आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘मग तू ह्याच्यापेक्षा उंच कुठं गेलायस?’’

त्याने कळसूबाई सांगितली. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पायथ्याला बारी गाव, वाटेत लोखंडी शिड्या, आणि वर थेट कळसूबाईचं देऊळ. देऊळ म्हटल्यावर आत्याने घास थांबवला. पुतण्याच्या नोकरीवर इतकी वर्षं जो संशय होता, तो त्या क्षणी फिटला असावा.

कळसूबाईची तयारी सध्या सुरू आहे. तारीख दिवाळीनंतरची धरली आहे. पावसाळ्यात नको, सोयाबीन काढणीत नको, येळवशीच्या आत परत यायला हवं. अण्णांनी गाडी सांगितली आहे, एसटीने इतक्या लांब माझं एकट्याचं पूर्ण तिकीट परवडणार नाही असं सर्वानुमते ठरलं. (पुतण्या थेट पुण्याहून येणार.) आत्याचं नाव यादीत पहिलं आहे आणि ती शिडीपर्यंत येणार की बारीतच बसणार, हे तिला विचारायची हिंमत कोणी केलेली नाही. लोड न्यायचा, जार नको, यावर बरीच चर्चा होऊन लोड आणि जार दोन्ही न्यायचं ठरलं.

अडलंय ते शिडीपाशी. पुतण्याने फोनवर बजावून सांगितलं आहे की शिडी चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. काकूंनी तेव्हापासून एकच लावून धरलंय, की मग दह्याचा डबा कोण धरणार. आईचं म्हणणं, दही खालीच खाऊन घ्यावं. काकूंचं म्हणणं, धपाटे वर आणि दही खाली असं कुठं असतंय का? अण्णा दोरीचा विचार करायलेत.